आतल्या खोलीतलं काम

रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचं टोक इतकं बारीक असतं, की ते टेबलावरून खाली पडलं तर शोधत बसण्यात अर्थ नसतो. असं टोक दांडीवर बसवायचं काम वहिनी डाव्या हाताने करत. उजवं कोपर टेबलाला टेकवलेलं, श्वास रोखलेला, आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात, अवघड गणित सोडवणाऱ्या मुलीसारखी. टोक बसलं की त्या श्वास सोडत आणि त्यानंतरचं पहिलं वाक्य हमखास घरातलं असे. "दूध उतू गेलं वाटतं," नाहीतर "बाई, ते दार लोटून घेता का जरा?"

हे काम त्या करतात हे त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं, लग्न होऊन दूर गेलेल्या लेकीला ठाऊक होतं, आणि मला. बाकी सगळ्यांच्या दृष्टीने ते काम सुईडॉक्टरांचं होतं.

सुईडॉक्टर म्हणजे वहिनींचे यजमान. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलेलं. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली: काचेचा एक काउंटर, दोन खुर्च्या, भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी. तिच्यामागे आतली खोली, तिथे खिडकीशी कामाचं टेबल. त्याच्याही मागे स्वयंपाकघर, त्यामुळे दुरुस्त होऊन आलेल्या मालाला कधीकधी फोडणीचा वास येई.

ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर नव्हता त्यांच्यासाठी सांगते. तबकडीवर जी पट्टी सरकते तिच्या टोकाला काडेपेटीच्या निम्म्या आकाराची एक डबी असते. ती कार्ट्रिज. तिच्यातून एक दांडी बाहेर येते आणि दांडीच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो. आत केसाहून बारीक तारेची वेटोळी. कण तबकडीच्या खाचेत थरथरतो, त्याच्याबरोबर दांडी थरथरते, आणि तारेतून गाणं बाहेर पडतं. एवढंसं ते यंत्र, पण लोक ते हरतऱ्हेने मोडून आणत. कोणाच्या नातवाने सुई बोटाने छेडून पाहिलेली असे. कोणी धूळ पुसता पुसता दांडी वाकवलेली असे. कोणी ती वाकलेली दांडी घरच्या चिमट्याने सरळ करायला जाऊन मोडलेली असे. या शेवटच्या मंडळींवर डॉक्टर फार चिडत. "हाड मोडलं तर ते पण घरीच ओढून बसवता का हो?" असं तोंडावर विचारत. गिऱ्हाईक ओशाळून म्हणे, "वाचेल ना, डॉक्टर?"

मग डॉक्टर ती डबी खिडकीच्या उजेडात धरत, मीटरच्या तारा मागच्या पिनांना लावून बघत आणि म्हणत, "थांबा. आत मोठं भिंग आहे, त्याखाली पाहून येतो." आत जात. थोड्या वेळाने बाहेर येऊन एकच शब्द बोलत. "होईल," किंवा "गेली."

या दोन शब्दांवर ते दुकान उभं होतं. टोक झिजलं असेल, दांडी मोडली असेल, आतलं रबर कडक झालं असेल, तर होईल. तारच आतून तुटली असेल तर गेली. ती तार नव्याने गुंडाळता येते, पण मग आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी येतो, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन हिरमुसतं, म्हणून गेली. आणि ज्या साध्या डबीची सुई ओढून काढता येते तिला हातच लावायचा नाही, नवीन सुई घ्या आणि घरी जा. दुरुस्ती होण्यासारखी असताना डॉक्टरांनी कधी "गेली" म्हटलं नाही, आणि नसताना कधी आशा लावली नाही. समोर गाण्याच्या उपकरणांचं मोठं दुकान होतं. त्याचा मालक स्वतः नव्या कार्ट्रिज विकायचा, पण गिऱ्हाइकाला आधी म्हणायचा, "समोर डॉक्टरांना दाखवून या. ते गेली म्हणाले तरच माझ्याकडे या."

मी पहिल्यांदा गेले ती मी शिकवत असलेल्या शाळेचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन. गाण्याच्या तासाला मुलांनी त्याच्यावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला होता. डॉक्टर डबी घेऊन आत गेले. मला खोकल्याची उबळ आली म्हणून पाणी मागायला मीही त्यांच्या मागोमाग आत गेले, तर डॉक्टर पाठीशी हात बांधून उभे आणि भिंगाला डोळा लावून वहिनी. "नुसती दांडी गेलीये. तार ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. डॉक्टर वळले, मला पाहून क्षणभर थबकले आणि बाहेर जाऊन रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "होईल!" वहिनींना इतकं हसू आलं की त्यांना चष्मा काढावा लागला. मग माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवत त्या म्हणाल्या, "बाई, बसा. चहात साखर किती घालता?" त्या दिवसापासून मी त्या घरातली झाले.

तसं पाहिलं तर डॉक्टर नावाचेच डॉक्टर होते असं मुळीच नव्हतं. तरुणपणी त्यांचा हात खरोखरच सुंदर होता. लग्न झाल्यावर वहिनी शेजारी बसून त्यांना चिमटा दे, गोंद कालवून दे, अशी कामं करत. "ही माझी कंपाउंडर," असं ते सगळ्यांना सांगत. मग कधीतरी त्यांच्या हाताला कंप सुटला. आधी तो चहाच्या कपात दिसला, नंतर चिमट्यात. हिऱ्याचा एक कण उडाला, मग आणखी एक. एक दिवस त्यांनी चिमटा बायकोपुढे सरकवला आणि म्हणाले, "धर."

तिने डाव्या हातात धरला.

"अगं, उजव्या हातात धर."

"उजव्याने मला फक्त लिहिता येतं."

शाळेत पट्टी मारून मारून कोणीतरी त्यांची पेन्सिल उजव्या हातात दिली होती. आमच्याच पेशातलं कोणीतरी. बाकी सगळं, म्हणजे भाजी चिरणं, शिवण, कुलूप उघडणं, डाव्यानेच राहिलं. डॉक्टरांनी तोंडाने सांगत सांगत तो डावा हात तयार केला, आणि काही वर्षांत तो हात त्यांच्या पुढे गेला. हे त्यांनीच मला सांगितलं, हसत हसत, वहिनी ऐकत असताना. "कंपाउंडरने डॉक्टरला मागे टाकलंय, बाई. फक्त बाहेर सांगू नका, पेशंट घाबरतील." वहिनी आतून म्हणाल्या, "पेशंट नाही घाबरत हो, डॉक्टरच घाबरतात."

हसण्यावारी जाई सगळं. वहिनींना त्याचं फारसं काही वाटतही नसे. घरातल्या कामावर कोण नाव घालतं, असं त्या म्हणत. सकाळी त्या डॉक्टरांच्या शर्टाची बटणं लावून देत, त्यांची दाढी करून देत, मग टेबलाशी बसत. बाहेर डॉक्टर गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, आत त्या काम करत. संसाराची एक पद्धत पडून गेली होती, आणि ती दोघांनाही सोयीची आहे असं मला वाटायचं.

मग ध्वनिसंग्रहालयाचा फोन आला.

या संग्रहालयात जुन्या तबकड्या जपून ठेवलेल्या होत्या आणि तिथल्या कार्ट्रिज वर्षानुवर्षं डॉक्टरांकडे दुरुस्तीला येत. शिपाई आणून द्यायचा, शिपाई घेऊन जायचा. आता तिथले प्रमुख, म्हणजे साहेब, स्वतः बोलले. संग्रहालय स्वतःचं दुरुस्तीचं टेबल मांडणार होतं. तिथे हे काम करायला आणि नव्या मुलामुलींना शिकवायला माणूस हवा होता, आणि त्यांना डॉक्टरांचा हात हवा होता. एक मोडलेली दुर्मीळ कार्ट्रिज दाखवायला ते स्वतः येणार होते, तेव्हाच हेही बोलू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या त्या चप्पल काढायच्या आधीच बोलू लागल्या.

"बाई, हे म्हणाले, येऊ देत साहेबांना, आता सांगूनच टाकतो. हात तुझा आहे, जायचं तर तू जाशील."

"खरंच म्हणाले?"

"स्वतःहून. मी विचारलंही नव्हतं." त्या बसल्या आणि पुन्हा उठल्या. "मला शिकवायचंय हो. तुमच्यासारखं. समोर चार पोरी बसल्यात आणि मी सांगतेय, दांडी सरळ करायची नाही, बदलायची. सरळ केलेली दांडी वरून छान दिसते आणि आतून तबकडी खाते. हे कोणाला सांगितलंच नाही कधी मी. सांगणार कोणाला? गॅसच्या शेगडीला?"

त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला, नवी काच बसवली. टेबल झाडून पुसून मांडलं. आपल्या हातची चांगली कामं एका काचेच्या डबीत लावून ठेवली. "एकच वाक्य आहे," त्या मला म्हणाल्या. "तेवढं त्यांनी बोलायचं. पुढचं माझं मी बघते."

"बोलतील की."

"तुम्ही पण या. बाहेरचं माणूस समोर असलं की हे शब्द फिरवत नाहीत."

साहेब आले. उंच, किडकिडीत, हळू बोलणारे गृहस्थ. मांडीवर बॅग दोन्ही हातांनी धरून बसले. मला त्यांनी नमस्कार केला, वहिनींनाही केला. डॉक्टरांकडे ते अशा नजरेने पाहत होते, की मला वाटलं, या माणसाला आता कोण निराश करणार!

"इतकी वर्षं तुमचं काम बघतोय, भेट आज," ते म्हणाले. "एक विचारायचं राहून गेलंय. सुरुवातीच्या तुमच्या कामात गोंदाचा थेंब दांडीच्या उजव्या अंगाला असायचा. पुढे तो डावीकडे गेला. आणि तिथून काम आणखी स्वच्छ झालं. आम्ही नव्या पोरांना दोन्ही भिंगाखाली दाखवतो. हात बदललात की काय, डॉक्टर?"

दारात उभ्या असलेल्या वहिनींकडे मी पाहिलं. डॉक्टरांना ते एक वाक्य बोलायला याहून सरळ वाट कोणी करून दिली नसती. डॉक्टरांनी एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला होता. ते हसले.

"नजर आहे बुवा तुमची! अहो, मधे उजवा खांदा धरला होता. म्हटलं, डाव्याला लावू कामाला. जमून गेलं."

"वा!" साहेब म्हणाले. "या वयात हात बदलायचा म्हणजे गंमत नाही."

मला वाटलं, थट्टा करताहेत, आता पुढे खरं सांगतील. वहिनींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या दारातून हलल्या नाहीत. पण साहेबांनी बॅग उघडली आणि मखमलीची पेटी बाहेर काढली.

ती कार्ट्रिज जुन्या, रुंद खाचेच्या तबकड्यांसाठी बनवलेली होती. संग्रहालयात नव्या लागलेल्या एकाने ती फडक्याने पुसताना मागून पुढे पुसायच्या ऐवजी पुढून मागे पुसली. फडक्याचा धागा अडकला, दांडी मुरगळली, डबीला हिसका बसला. तेव्हापासून एका बाजूचा आवाज बंद.

"नवीन मिळते," साहेब म्हणाले. "पण नवीन सुईखाली त्या तबकड्यांवरचे आवाज ओळखूच येत नाहीत. आहे तशी वाचली तर सोनं. आता तुम्ही सांगाल तसं. होईल म्हणालात तर ठेवून देतो, तुम्ही आमच्याकडे रुजू झालात की पहिलं काम हेच. गेली म्हणालात तर नवीन मागवून मोकळा होतो. फक्त एक नियम आहे, ही वस्तू माझ्या नजरेआड करता येत नाही. तुम्ही आत भिंगाखाली नेता ना? मी पण येतो."

आम्ही सगळे आत गेलो. ते टेबल वहिनींनी स्वतःसाठी मांडलेलं होतं. चिमटे डावीकडे, गोंदाची बशी डावीकडे, दिवा उजवीकडून उजेड टाकणारा. साहेब ते पाहून खूश झाले. "बघा! सगळं टेबलच डावखुरं." वहिनींचं टेबल डॉक्टरांच्या खोट्याला साक्ष देत होतं, आणि वहिनी ते उभ्या राहून बघत होत्या.

डॉक्टर त्यांच्या खुर्चीत बसले. खुर्ची वहिनींच्या उंचीची, डॉक्टरांचे गुडघे टेबलाला लागले. साहेबांनी डबी स्वतःच्या चिमट्याने भिंगाखाली ठेवली, हे एक बरं झालं. डॉक्टरांनी डोळा लावला.

"जरा फिरवा. अजून. मागची बाजू."

मागच्या बाजूवर ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "मीटर लावा." साहेबांनी लावला. एका बाजूला काटा हलला, दुसऱ्या बाजूला नाही.

वहिनी त्यांच्या खांद्यामागे उभ्या होत्या. नव्या काचेतून त्यांना भिंगाशिवायही दिसलं असेल. त्या हळूच म्हणाल्या, "मागच्या पिनेचा टाका बघितलात का?"

"बघितला."

"सुटलाय ना?"

डॉक्टरांनी डोळा भिंगालाच लावून ठेवला. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. तार पिनेला जोडणारा डाग, म्हणजे टाका, बाहेरून सुटलेला असेल तर आतली तार शाबूत आहे. टाका पुन्हा मारायचा, दांडी बदलायची. वहिनींच्या हिशेबी ते एका दुपारचं काम होतं.

मला राहवलं नाही. "डॉक्टर, वहिनींना एकदा बघू द्या की."

साहेबांनी मान वर करून वहिनींकडे पाहिलं. खरोखरीच्या कुतूहलाने विचारलं, "वहिनींनाही यातलं समजतं वाटतं?"

डॉक्टरांनी भिंगावरून डोळा काढला. आधी बायकोकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"इतकी वर्षं संगतीत आहे," ते म्हणाले. "चार शब्द कानावर पडतातच."

आणि हसले. साहेबही हसले, चांगल्या मनाने, बाईमाणसाचं कौतुक करावं तसे.

"गेली, साहेब," डॉक्टर म्हणाले. "तार आतून तुटलीये. नवीनच मागवा. आणि नोकरीचं म्हणाल, तर आता कुठे दुसऱ्याच्या दारात जाऊन बसू? माझं हे टेबल बरं."

"अरेरे," साहेब म्हणाले. पण वाद घातला नाही. "तुम्ही गेली म्हणालात म्हणजे गेलीच." त्यांनी ती डबी पुन्हा मखमलीत ठेवली. त्यांचं काय चुकलं? ज्या माणसाने या शब्दाच्या बाबतीत आजवर एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, त्याच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला.

वहिनी म्हणाल्या, "चहा टाकते." टाकला, दिला, साहेबांनी तो आवडीने घेतला. ते जाईपर्यंत त्या कप विसळत होत्या.

साहेब गेल्यावर डॉक्टर आतल्या खुर्चीतच बसून होते. वहिनी येऊन म्हणाल्या, "उठा. टेबल आवरायचंय मला."

"अगं, ऐक तरी. हातात घेऊन आत्ता करून दाखवा म्हणाले असते ते. परक्या माणसासमोर तू घाबरली असतीस. हात कापला असता तुझा."

"हात तुमचा कापतो," वहिनी म्हणाल्या.

मी माझी पिशवी उचलली आणि घरी आले.

दोन-तीन दिवसांनी त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मी विचारलं, तुम्हीच का नाही बोललात? तोंड तर तुम्हालाही आहे.

"बोलले असते तर काम मिळालं असतं," त्या म्हणाल्या. "साहेब भला माणूस होता. म्हणाला असता, दाखवा करून. मी दाखवलं असतं. पण मग मी नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडून मिळवलेली नोकरी झाली ती. मला ती तशी नको होती, बाई. मला त्यांनी द्यायला हवी होती. माझीच होती, तरी त्यांनी द्यायला हवी होती."

"घाबरले असतील हो ते. हात गेला, आता नावही गेलं तर उरणार काय त्यांच्याकडे?"

"मला नाही का कळत ते? त्यांची बटणं मी लावते. मला 'चार शब्द' म्हणाले ते पण मी गिळलं असतं. पण त्यांनी टाका बघितला होता. मागची बाजू फिरवायला सांगितली, थांबले, बघितला. चांगली वस्तू होती, बाई. होणारी होती. तिला गेली म्हणाले."

त्यानंतर वहिनींनी चिमटा हातात घेतला नाही.

भांडण झालं नाही, आदळआपट झाली नाही. भिंगावर त्यांनी एक उशीचा अभ्रा चढवला आणि ते टेबल कपड्यांच्या घड्या घालायला वापरू लागल्या. डॉक्टरांची बटणं रोज लावून देत, दाढी करून देत, पथ्याचं रांधून वाढत. फक्त ते हातात डबी घेऊन आत आले की त्या स्वयंपाकघरात निघून जात. डॉक्टर थोडा वेळ त्या घड्यांपाशी उभे राहत आणि बाहेर येऊन म्हणत, "गेली."

आधी लोक हळहळत, मग नवलाने बघू लागले. समोरच्या दुकानदाराची विक्री वाढली, पण माणूस खवट. एकदा रस्त्यातूनच ओरडला, "काय हो डॉक्टर, हल्ली तुमच्याकडे एकही पेशंट वाचत नाही? साथ आलीये का कसली?" डॉक्टर हसले नाहीत. पूर्वी त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं.

पुढे कोणीतरी "गेली" म्हटलेली कार्ट्रिज दुसऱ्या शहरातून दुरुस्त करून आणली. ती चांगली वाजली. मग दुसऱ्या एकाने तेच केलं. दुकानदार गिऱ्हाइकांना "आधी समोर दाखवा" असं म्हणेनासा झाला. संग्रहालयाचा शिपाई येणं तर केव्हाच थांबलं होतं. तिथे नवीन कार्ट्रिज आली असं कळलं, आणि रुंद खाचेच्या तबकड्या कपाटात बंद झाल्या असंही कळलं. दुरुस्तीच्या टेबलाचं पुढे काही झालं नाही.

मला डॉक्टरांचाही राग येत नाही, हीच माझी पंचाईत आहे. त्या घरात मी त्यांना बायकोची तोंडाची पावडर कॉफीत पडली म्हणून हसून लोळताना पाहिलंय, आणि लेक सासरी गेली तेव्हा काउंटरखाली वाकून सुई शोधल्यासारखं करताना पाहिलंय. वाईट माणूस नव्हता तो. एका दुपारी एक वाक्य त्याच्याच्याने बोलवलं नाही. आणि एकदा नाही बोलवलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ते आणखी जड झालं असणार.

मध्यंतरी माझ्याच घरची सुई खरखरायला लागली. टोक झिजलं होतं, दुसरं काही नाही. इतक्या वर्षांनी तेवढं मलाही समजत होतं. मी ती मुद्दामच डॉक्टरांकडे नेली. काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "टोकच झिजलंय ना हो, डॉक्टर?"

"थांबा. आत पाहून येतो."

ते आत गेले. दार नीट लागत नसे, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"बघ ना जरा. बाईंची आहे."

"तुम्ही बघा."

"मला दिसत नाही गं नीट. हलतं सगळं."

"मग त्यांना तसं सांगा."

"काय सांगू?"

"जे आहे ते. बाई काही परक्या नाहीत."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, बोला हो. माझ्यापाशी तर बोला. मला ठाऊकच आहे, म्हणजे त्यात सांगण्यासारखंसुद्धा काही नाही. वहिनी आत उभ्या राहून तेच म्हणत असतील, याची मला खात्री होती. मी टोक झिजलेली सुई आणली होती, पण त्या दोघांनाही कळलं होतं की मी काय घेऊन आले आहे.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी डबी काउंटरच्या काचेवर ठेवली.

"गेली, बाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नवीन घ्या. समोर सांगून ठेवतो, चांगली देईल."

आतून भांडी घासल्याचा आवाज सुरू झाला.

मी समोर जाऊन नवीन घेतली. समोरच्याने ती घरी येऊन बसवून दिली. वहिनींना ऐकायला बोलावलं, तर त्या आल्या, तबकडीची एक बाजू पूर्ण ऐकली आणि मग खाली वाकून सुईकडे पाहिलं.

"थोडी वाकडी बसलीये," त्या म्हणाल्या. "तबकडी एका अंगाने झिजेल तुमची."

"मग सरळ करून द्या ना, वहिनी. चष्मा आहेच की डोळ्यांवर."

त्यांचा डावा हात उचलला गेला. पट्टीपर्यंत गेला, आणि तिथून त्यांनी तो परत आणला.

"दुकानदाराला बोलवा," त्या म्हणाल्या. "मला घरी जायला हवं. यांचं जेवण व्हायचंय."